फोडणीआधीचा वाटा

श्रीखंडाच्या वाटीत मांजरानं तोंड घातलं की घरात कौतुक सुरू होतं, "बघा, आमच्या मनीला गोड किती आवडतं!" मनीला त्यातलं गोड कळलेलंच नसतं. जिभेवर गोड ओळखणारा रिसेप्टर दोन जनुकांच्या जोडीतून तयार होतो आणि मार्जारकुळात त्यातलं एक जनुक केव्हाच निकामी झालं आहे. फिलाडेल्फियाच्या मोनेल केमिकल सेन्सेस सेंटरमधल्या शास्त्रज्ञांनी 2005 मध्ये ते दाखवून दिलं. त्या जनुकाची 247 अक्षरं गळून गेलेली आहेत. वाघाचं आणि चित्त्याचंही तसंच. मनी श्रीखंडात शोधते ती चक्क्यातली स्निग्धता. साखर तिच्यासाठी नसल्यात जमा.

मांजराच्या खाण्याकडे बघायला इथूनच सुरुवात करावी. आपल्याला जे रुचतं ते त्याला रुचेलच असं नाही आणि जे त्याला रुचतं ते सगळंच त्याला सोसेल असंही नाही. या दोन गोष्टी नीट कळल्या की मांजराला मजेत खाऊ घालणं फार सोपं होतं आणि त्यासाठी लागणारं बरंचसं सामान आपल्याच ओट्यावर सापडतं.

आधी नाक, मग जीभ

मांजराच्या जिभेवरच्या रुचिकलिका पाचशेच्या आत भरतात, माणसाच्या काही हजार. ही उणीव नाक भरून काढतं. मांजर बशीपाशी येतं, हुंगतं आणि तिथेच निकाल लावतं. म्हणून सर्दीनं नाक चोंदलेलं मांजर जेवत नाही. फ्रिजमधून काढलेल्या गारढोण चिकनकडे पाठ फिरवणारं मांजर तेच चिकन कोमट करून दिलं की चाटूनपुसून खातं. त्याला सर्वांत आवडतं ते साधारण 38 अंशांचं अन्न, म्हणजे नुकत्याच पकडलेल्या उंदराच्या अंगाइतकं गरम. वाटीत चमचाभर गरम पाणी घालून ढवळलं तरी वास मोकळा होतो. मांजर खाण्यात नखरे करतं अशी तक्रार करण्याआधी हा उपाय जरूर करून बघा.

सुकटीच्या वासाचं शास्त्र

कोकणात अंगणात बोंबील वाळत घातले की आळीतली सगळी मांजरं कुंपणावर हजर होतात. या ओढीमागचं रसायनशास्त्र जपानमध्ये उलगडायला लागलं. किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये समुद्री शेवाळाच्या सारातून उमामी ही चव वेगळी काढली. 1913 मध्ये त्यांचे शिष्य शिंतारो कोदामा यांना वाळवलेल्या बोनिटो माशात उमामीचं दुसरं द्रव्य सापडलं, इनोसिनेट. या वाळवलेल्या माशाच्या पातळ चकत्या म्हणजे कात्सुओबुशी. त्या गरम भातावर पसरून खायचा एक घरगुती प्रकार जपानी माणूस आजही आवडीनं खातो आणि त्याचं नावच 'नेको मान्मा', म्हणजे मांजराचं जेवण.

पुढचा दुवा 2023 मध्ये जुळला. इंग्लंडमधल्या वॉल्थम पेटकेअर सायन्स इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी मांजराच्या जिभेवर उमामीचा रिसेप्टर पूर्ण शाबूत असल्याचं दाखवलं. इनोसिनेट आणि हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल एकत्र आलं की मांजरं त्यावर तुटून पडतात. ट्यूना माशात या दोन्ही गोष्टी भरपूर असतात. गोडाचं दार बंद आणि उमामीचं सताड उघडं, अशी ही जीभ आहे. मांजराचे पूर्वज वाळवंटातले, समुद्राशी काही संबंध नसलेले, तरीही मासा म्हटलं की घरातलं मांजर वेडं होतं.

पण सुकी मासळी देताना मीठ बघा. उन्हात नुसता वाळवलेला बोंबील धुऊन, उकडून, काटे काढून चिमूटभर दिला तर हरकत नाही. मिठात मुरवलेला खारा बांगडा मात्र नको. आणि मासा रोजचं मुख्य जेवणही होता कामा नये. कित्येक कच्च्या माशांमध्ये ब-1 जीवनसत्त्व मोडणारं विकर असतं. त्यामुळे नुसत्या कच्च्या मासळीवर वाढलेल्या मांजराच्या मज्जासंस्थेवर परिणाम होतो, ते झोकांड्या खायला लागतं. शिजवल्यावर ते विकर निष्प्रभ होतं. नुसत्या तेलकट माशावर ठेवलं तर ई जीवनसत्त्व कमी पडून अंगातल्या चरबीला दुखरी सूज येते, तेही वेगळंच.

कालवं आणायला स्वतः जाणारे डॉक्टर जॉन्सन

इंग्रजीचा थोर शब्दकोश रचणारे सॅम्युएल जॉन्सन यांचं हॉज नावाचं मांजर होतं. त्याच्यासाठी ते स्वतः बाजारात जाऊन कालवं विकत आणायचे. नोकरांना पाठवलं तर त्यांना त्या कामाचा वैताग येईल आणि ते बिचाऱ्या हॉजचा राग राग करतील, असं त्यांना वाटायचं. चरित्रकार बॉस्वेल यांनी हे नोंदवून ठेवलं आहे आणि बॉस्वेल यांना स्वतःला मांजर जवळपास आलेलंही सोसत नसे! लंडनच्या गॉफ स्क्वेअरमध्ये जॉन्सन राहत होते त्या घरासमोर 1997 पासून हॉजचा पुतळा आहे. तो एका जाडजूड शब्दकोशावर बसला आहे आणि त्याच्या पायाशी कालवाचे रिकामे शिंपले आहेत. मांजरावरचं प्रेम कसं असावं, याचं इतकं सुंदर उदाहरण मला दुसरं ठाऊक नाही.

जॉन्सन यांना कल्पना असणं शक्य नव्हतं, पण हॉजला ते अगदी योग्य वस्तू देत होते. कालवांमध्ये टॉरिन नावाचं द्रव्य भरपूर असतं.

टॉरिन नसेल तर डोळे जातात

टॉरिन मांस-मासळीत असतं, वनस्पतींत जवळजवळ नसतंच. माणूस आणि बहुतेक कुत्री ते अंगातच तयार करतात. मांजराला ते पुरेसं तयार करता येत नाही, अन्नातूनच मिळवावं लागतं. 1975 मध्ये असं दिसून आलं की दुधातल्या केसीन या प्रथिनावर वाढवलेल्या मांजरांचा डोळ्यांमागचा पडदा झिजत जातो आणि त्याचं कारण टॉरिनची कमतरता आहे. झिजलेला पडदा पुन्हा भरून येत नाही. 1987 मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाचे पशुवैद्य पॉल पिऑन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याहून मोठा धक्का दिला. हृदय फुगून दुबळं होण्याच्या ज्या आजारानं मांजरं मरत होती, त्यांच्या रक्तात टॉरिन कमी होतं. टॉरिन दिल्यावर त्यातली कित्येक मांजरं चक्क बरी झाली. आणि ही मांजरं नामांकित विकतच्या खाण्यावरच होती. त्यानंतर कंपन्यांनी टॉरिनचं प्रमाण वाढवलं आणि तो आजार एकदम कमी झाला. एका शोधनिबंधानं इतके जीव वाचल्याची उदाहरणं पशुवैद्यकात थोडीच आहेत.

आता आपल्याकडच्या दूध-चपातीवर वाढणाऱ्या मांजराचा विचार करा. पोट भरतं, अंगही धरतं, पण टॉरिन नाही, पुरेसं प्रथिन नाही. गाजरातल्या कॅरोटीनपासून अ जीवनसत्त्व बनवायचं कामही मांजराच्या शरीराला जमत नाही. ते त्याला प्राण्याच्या अंगातून तयारच मिळावं लागतं. गच्चीवर-अंगणात उंदीर, पाली मारणारं मांजर ही तूट बाहेर भरून काढतं. सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमधलं मांजर कुठून भरणार? ज्या घरात मांसमच्छी शिजत नाही त्या घरानं मांजर पाळावं, जरूर पाळावं, पण त्याच्यासाठी मांजराचं संपूर्ण आहाराचं पाकीट आणावं. वरणभातावर मांजर ठेवणं हा त्याच्यावर अन्याय आहे, मग हेतू कितीही सात्त्विक असो. कुत्र्याचं खाणं मांजराला घालणंही याच कारणासाठी चुकीचं. त्यात मांजरापुरतं टॉरिन असेलच असं नाही.

एक छोटी गोष्ट लक्षात ठेवा. टॉरिन पाण्यात विरघळतं. चिकन उकडलं की त्यातलं बरंचसं त्या पाण्यात उतरतं. ते पाणी ओतून देऊ नका, कोमट करून बशीत घाला.

दूध प्यायची अजब तऱ्हा

मांजर डोळे मिटून दूध पितं हे म्हणीनं सांगितलंच आहे. ते जिभेनं दूध कसं उचलतं, हे मात्र 2010 मध्ये उलगडलं. एमआयटीतले रोमन स्टॉकर एका सकाळी न्याहारीच्या वेळी आपल्या कट्टा कट्टा नावाच्या मांजराला पाणी पिताना बघत होते आणि त्यांना प्रश्न पडला. मग कॅमेरे लागले, तीन सहकारी जोडले गेले. कुत्रं जिभेचा पळा करून पाणी ओढतं. मांजर जिभेचं टोक मागे दुमडून पाण्याला नुसतं टेकवतं आणि झटक्यात वर घेतं. त्याबरोबर पाण्याचा एक बारीक खांब उभा राहतो. गुरुत्वाकर्षणानं तो खाली पडायच्या आत मांजर तोंड मिटतं. सेकंदाला जवळजवळ चार वेळा, दर वेळी थेंब दोन थेंब. हनुवटी कोरडी! वाघ-सिंहही असेच पितात, फक्त जीभ मोठी म्हणून संथ लयीत.

पिण्याची कला अशी, पण पिण्याची हौस कमी. मांजराचे पूर्वज आफ्रिका-पश्चिम आशियाच्या कोरड्या मुलखातले. उंदराच्या अंगात जवळपास सत्तर टक्के पाणी असतं, त्यातच त्यांचं भागायचं. कोरड्या दाणेदार खाण्यात पाणी दहा टक्क्यांच्या आसपास, डब्यातल्या ओल्या खाण्यात पंच्याहत्तरच्या वर. नुसत्या कोरड्या खाण्यावरच्या मांजराला, विशेषतः बोक्याला, लघवीचा त्रास होऊ शकतो. बोक्याची लघवी अडली तर ती तासांची लढाई असते. रोज एक वेळ तरी ओलं खाणं द्या आणि पाण्याची भांडी घरात दोन-तीन ठिकाणी ठेवा.

राहिलं दूध. पिल्लांच्या आतड्यात दुधातली साखर पचवणारं विकर असतं, आईचं दूध सुटलं की ते ओसरत जातं. पुष्कळ मोठ्या मांजरांना दुधानं जुलाब होतात. काहींना सोसतं, त्यांना कधीमधी चमचाभर द्या. दूध हे जेवण नव्हे आणि पाण्याची जागाही त्यानं घेऊ नये.

कांदा-लसूण

मराठी स्वयंपाकघरात मांजराचा सर्वांत मोठा शत्रू कांद्याच्या टोपलीत बसलेला असतो. कांदा, लसूण, पात, सगळं एकाच कुळातलं. त्यातली गंधकयुक्त द्रव्यं मांजराच्या तांबड्या पेशींवर हल्ला करतात. पेशीत गाठी दिसू लागतात आणि पेशी फुटत जातात. या गाठींना हाइन्झ बॉडी म्हणतात, 1890 मध्ये जर्मन डॉक्टर रॉबर्ट हाइन्झ यांनी त्यांचं वर्णन केलं. मांजराचंच रक्त इतकं हळवं का? त्याच्या हिमोग्लोबिनवर या द्रव्यांना धरायला आठ जागा आहेत, माणसाच्या हिमोग्लोबिनवर दोनच.

किलोभर वजनामागे पाच ग्रॅम कांदाही घातक ठरू शकतो. चार किलोच्या मांजराला वीस ग्रॅम, म्हणजे एका छोट्या कांद्याचा तुकडाच. शिजवून, तळून, वाटून विष जात नाही. लसूण तर याहून जहाल. वाळवलेली पूड आणखी वाईट, कारण ती आटलेली असते. हाच धोका मटणाच्या रश्शात, माशाच्या आमटीत, तंदुरीच्या मॅरिनेशनमध्ये, सूपच्या पाकिटात आहे. लक्षणं लगेच दिसत नाहीत. दोन-चार दिवसांनी मांजर मलूल होतं, हिरड्या फिकट पडतात, लघवी गडद येते, आणि तोवर रविवारचं मटण सगळे विसरून गेलेले असतात. मांजरानं कांदा खाल्ल्याचं कळलं तर लक्षणांची वाट बघत बसू नका.

यावरचा उपाय फुकट आहे. मटण-चिकन-मासा धुऊन झाला की मीठ, हळद, आलं-लसूण लावायच्या आधी मांजराचा वाटा काढून ठेवा. तो वेगळा उकडा. हाडं-काटे काढा. शिजलेलं कोंबडीचं हाड फुटताना अणकुचीदार तुकडे होतात आणि ते घशात-आतड्यात रुततात.

बाकी धोके थोडक्यात. चॉकलेटमधलं थिओब्रोमाइन मांजराला झेपत नाही. दिवाळीच्या चिवड्यातले मनुके त्याच्यापासून दूर ठेवा. यीस्ट घातलेलं कच्चं पीठ पोटात फुगतं. कच्च्या अंड्याचा पांढरा बलक बायोटिन बांधून ठेवतो, उकडलेलं अंडं मात्र उत्तम खाऊ. काळीज थोडंच द्या. रोज रोज दिल्यावर अ जीवनसत्त्व साचून मानेचे मणके जखडतात. फुलदाणीतल्या मोठ्या लिलीचे परागकण अंगावर पडले आणि मांजरानं ते चाटले तरी मूत्रपिंडं निकामी होतात, म्हणून मांजराच्या घरी हा गुच्छ आणूच नका. आणि पॅरासिटामॉल! ताप आलाय म्हणून पाव गोळी देणारी भली माणसं आहेत. मांजराच्या यकृतात ते औषध निकामी करणारी यंत्रणा फार तोकडी असते. एका गोळीनंही जीव जाऊ शकतो.

कच्चं चिकन नको

जंगलातलं जनावर कच्चंच खातं ना, असा युक्तिवाद हल्ली फार ऐकू येतो. डिसेंबर 2024 मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. तपासणीत बर्ड फ्लूचा एच5एन1 विषाणू निघाला आणि संशय खाण्याला दिलेल्या मांसावर गेला. त्याच सुमाराला शेजारच्या मध्य प्रदेशात, छिंदवाड्यात, पाळीव मांजरांमध्येही तो विषाणू सापडला. मार्जारकुळाला हा विषाणू फार लवकर गाठतो. चांगली उकळी आली की विषाणू मरतो. इतकं सोपं आहे हे.

पाकिटावरची चार अक्षरं

एकोणिसाव्या शतकात लंडनच्या गल्लीबोळांत मांजरांसाठी घोड्याच्या मांसाचे तुकडे काडीला टोचून विकणारे फेरीवाले असत आणि त्यांची आरोळी ऐकली की दारोदारची मांजरं धावत येत. आता पाकिटं आली. पाकीट उलटं करून वाचायची सवय लावा. अमेरिकेतले नियम मजेदार आहेत. नावात नुसतं 'ट्यूना' असेल तर त्यात बहुतांश, 95 टक्के, ट्यूनाच हवा. 'ट्यूना डिनर' म्हटलं की 25 टक्के पुरे. 'विथ ट्यूना' लिहिलं तर 3 टक्क्यांवर भागतं. 'ट्यूना फ्लेवर' असेल तर वास येण्याइतका असला तरी चालतो. आयात केलेला डबा घेताना हे ध्यानात ठेवा. त्याहून महत्त्वाचे शब्द म्हणजे 'कम्प्लीट' आणि 'कॉम्प्लिमेंटरी'. पहिलं पूर्ण जेवण, दुसरा नुसता खाऊ. चाटवायच्या चविष्ट नळ्या बहुतेक दुसऱ्या प्रकारात मोडतात. दिवसाच्या उष्मांकाच्या दहा टक्क्यांपलीकडे त्या जाऊ नयेत. चार किलोच्या मांजराला दिवसाला दोनशे-अडीचशे कॅलरी लागतात. आपली एक चपाती शंभराच्या घरात जाते, म्हणजे लाडानं भरवलेली एक चपाती जवळजवळ निम्मा दिवस खाऊन टाकते.

बाळपणीची चव

मांजराचं पिल्लू आईकडे बघून खायला शिकतं. वांडा विरविका या शास्त्रज्ञ बाईंनी 1978 मध्ये एक विलक्षण निरीक्षण प्रसिद्ध केलं. मेंदूला सौम्य विद्युत उत्तेजना देऊन काही मांजरींना केळं खायची सवय लावलेली होती. त्यांची पिल्लं, शेजारी मांस ठेवलेलं असताना, आईबरोबर केळंच खायला लागली! तेव्हा पिल्लू घरी आणलंत तर पहिल्या काही महिन्यांत त्याला दाणेदार, ओलं, चिकन, मासा, अंडं, सगळ्यांची ओळख करून द्या. एकाच चवीवर वाढलेलं मांजर म्हातारपणी औषधी आहाराला तोंड लावत नाही.

थोडं गवत, थोडी नशा

मांजर गवत खातं ते पोट बिघडलं म्हणूनच असं नाही. बहुतेक निरोगी मांजरं अधूनमधून गवत खातात. कुंडीत गव्हाचे दाणे पेरा, आठवडाभरात त्याचं खाऊचं अंगण तयार. पावसाळ्यात उगवणारं खोकली नावाचं तण मुळासकट उपटलं तर त्या मुळावर मांजर गडबडा लोळतं, जसं परदेशात कॅटनिप नावाच्या वनस्पतीवर लोळतं. जपानमधल्या इवाते विद्यापीठाच्या मासाओ मियाझाकी यांच्या गटानं 2021 मध्ये तिकडच्या मातातबी वनस्पतीबद्दल दाखवलं, की मांजरानं पानांवर अंग घासलं की त्याच्या केसांना लागलेलं द्रव्य डासांना दूर ठेवतं. मौज आणि डासांची सोय एकाच लोळणीत!

शेवटी एकच विनंती. मांजराची बशी दिवसभर भरलेली राहिली तर त्याकडे दुर्लक्ष करू नका. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या, त्यातही लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साचून ते निकामी व्हायला लागतं. चोवीस तास मांजर जेवलं नाही, तर कोमट चिकनच्या पाण्यानं एकदा प्रयत्न करा आणि तरीही तोंड लावलं नाही, तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे घेऊन जा.